हेमावतीची दाढी

वर्षातले सहा महिने सुलोचनाचा नवरा बाई असायचा, आणि त्याबद्दल तिची काडीची तक्रार नव्हती. तक्रार होती ती मुरमांबद्दल. छत्तिसाव्या वर्षी, कानशिलावर पांढरे केस डोकावू लागले असताना, माणसाच्या गालांवर कॉलेजातल्या पोरासारखी मुरमं उठावीत आणि त्याने आरसा घेऊन दिवसातून दहा वेळा खिडकीत बसावं, ह्याला काय म्हणायचं? जनेलाशी उजेड बरा म्हणून तो तिथेच ठाण मांडायचा. नेमके सुलोचनाला तांदूळ निवडायचे असत तेही तिथेच.

गुरुदास पेडण्याकडच्या एका दशावतारी मंडळात स्त्रीपार्ट करायचा. दिवाळी सरली की मंडळ बाहेर पडे ते वैशाखापर्यंत गावोगावच्या देवळांत कालो, म्हणजे रात्रभराचं नाटक, करत फिरे. ‘राणी हेमावती’ हे मंडळाचं घरचं आख्यान, मालक मधुकरदादांच्या वडिलांनी रचलेलं. शापामुळे राजाचं राज्य जातं, तो बारा वर्षं रानात भटकतो आणि शेवटी भीक मागत आपल्याच राणीच्या दारात येऊन उभा राहतो. राणी त्याला ओळखत नाही. एवढीच गोष्ट, पण लोक ती दरवर्षी मागून घेत. आणि गेली चौदा वर्षं हेमावती म्हणजे गुरुदास, हे पेडण्यापासून म्हापशापर्यंत कुणाला सांगावं लागत नव्हतं.

दशावतारात रंग ज्याचा त्याने लावायचा. राणीच्या गालावर खुंट दिसून कसं चालेल, म्हणून गुरुदास आधी वस्तरा दोनदा फिरवी, एकदा सरळ आणि एकदा उलटा. मग सफेदा खोबरेलात कालवून त्याचा जाड थर, वर पिवडी, गालांना हिंगूळ. सकाळी हे सगळं उतरवायचं, तेही खोबरेलानेच. चौदा वर्षं तेल रिचवून त्या चेहऱ्याने आता हात टेकले होते.

पौषाच्या सुरुवातीला मधुकरदादा स्वतः चांदेलला गुरुदासच्या घरी आले. चहाचा कोप खाली ठेवायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं.

“गुरु, पयल्या रांगेतल्यो बायलो इचारतत, हेमावतीक देवी इल्यात काय म्हणान. लाटंबार्शाच्या काल्यापर्यंत तोंड सुधारला तर बरा. नायतर थय हेमावती किरण करतलो.”

किरण मंडळात नवा होता. बावीस वर्षांचा, गाल असे की सफेदा नसता तरी चाललं असतं. आणि लाटंबार्से हे सुलोचनाचं माहेर. तिथल्या देवळात पहिल्या रांगेत बसून ती चौदा वर्षं ऐकत आली होती की तुझा घोव तुझ्यापेक्षा बरी साडी नेसतो. ते ऐकताना ती तोंड वाकडं करी आणि मनातून फुलून जाई. ती हेमावती दुसऱ्या कुणाची होणार, हे तिला चालणार नव्हतं. तिने त्याच आठवड्यात नवऱ्याला कातडीच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं.

म्हापसा जवळ होता, पण तिथे गुरुदासला ओळखणारे फार. म्हणून दोन बस बदलून डिचोली. दवाखान्याच्या पाटीवर वर इंग्रजी आणि खाली कोकणी होतं, गोवा राज्य झाल्यापासून नव्या पाट्या अशाच लागत. आत डॉक्टर साक्षी म्हणून एक तरुण मुलगी बसली होती. एवढीशी मुलगी काय करणार, असं सुलोचनाला वाटलं, पण तिने बॅटरी मारून गुरुदासचा गाल न् गाल तपासला, हनुवटी बोटाने वळवून पाहिली आणि विचारलं,

“काय काम करता तुम्ही?”

गुरुदासने एकदा सुलोचनाकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, “ट्रकार.”

सुलोचनाचा आ वासला. ह्या माणसाने जन्मात सायकलच्या पुढे काही चालवलं नव्हतं.

“खनिजाच्या?”

“होय. शिरगावसून.”

“मग बरोबर,” डॉक्टरीण म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. “ती तांबडी धूळ सगळी छिद्रांत बसते. वर घाम. माझ्याकडे खाणीवरचे कितीतरी जण येतात.” आणि तिने कागदावर मोठ्या अक्षरांत ‘धूळ’ असं लिहून खाली रेघ मारली.

मग तिने पील समजावून सांगितलं. उसापासून काढलेलं सौम्य आम्ल. ब्रशाने चेहऱ्यावर लावायचं, दोन-तीन मिनिटं ठेवायचं, सोड्याच्या पाण्याने शांत करायचं आणि धुऊन टाकायचं. वरचा मेलेला पापुद्रा हळूहळू सुटतो, छिद्रं मोकळी होतात, मुरमं बसतात. एका वेळेने भागत नाही, दर दोन-तीन आठवड्यांनी पाच-सहा वेळा करावं लागतं. त्यानंतर आठवडाभर ऊन नको. साबण नको, तेल तर मुळीच नको. पापुद्रा सुटला तरी नखाने ओढायचा नाही. आणि पाच दिवस दाढी करायची नाही.

“ट्रकाची काच बंद ठेवायची, तोंडाला रुमाल बांधायचा. जमेल ना?”

“जमात,” गुरुदास म्हणाला.

त्याला आडवं निजवून तिने घड्याळ लावून आम्ल लावलं. मुंग्या चावल्यासारखं होईल म्हणाली, तसं झालं असावं, कारण राणी हेमावतीने बाकाची कड घट्ट धरून ठेवली होती. तीन मिनिटांत सगळं आटोपलं. एवढ्यासाठी दोन बस, असं सुलोचनाला वाटून गेलं.

स्टँडवर येईपर्यंत तिने तोंड मिटून धरलं. बस लागल्यावर मात्र तिला राहवेना.

“ट्रक खयसून काढलात?”

“मग काय सांगू? परक्या बायलमनशेफुडे सांगू, मी रोज साडी नेसतंय म्हणान?”

“पाचशे लोकांफुडे नेसतास तेव्हा लाज खय जाता?”

“ता देवळात,” गुरुदास म्हणाला, जणू त्यात सगळं आलं. “आनी तू सांगू नको. तुका माजी शपथ.”

शपथ घातल्यावर बोलायचं काय? सुलोचनाने दोघांची तिकिटं काढली.

दोन दिवसांनी, पुढल्या काल्याच्या आधीच, गुरुदासचे चुलते सखाराम वारले. म्हातारा नव्वदीला टेकला होता, त्यामुळे रडारड बेताची झाली, पण भाऊकीचं सुतक ते सुतकच. दहा दिवस देवळात पाऊल नाही, रंग नाही, वस्तरा नाही. मंडळ पुढे गेलं आणि ते दहा दिवस हेमावती किरणने केली. गुरुदास घरात येरझाऱ्या घालत होता आणि आल्यागेल्याला विचारत होता की लोक काय म्हणतात. अकराव्या दिवशी त्याने दाढी काढली आणि आरशात बघून सुलोचनाला हाक मारली. गाल साफ. हनुवटीवर दोन-तीन राहिले होते तेवढेच. कातडी अशी निघाली होती की सुलोचनाने नकळत हात लावून पाहिला.

“बगलंस?” तो म्हणाला. “उसाचा पाणी.”

आणि हा शहाणा माणूस त्याच संध्याकाळी पुन्हा वस्तरा फिरवून, सफेदा थापून हेमावती करायला गेला. उसाच्या पाण्याने काम केलं होतं खरं, पण सुतकाने त्याहून जास्त केलं होतं, हे त्याला कळलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा ते सुलोचनालाही कळलं नाही.

दुसऱ्या वेळी डॉक्टरीण खूष झाली. असा शिस्तीचा ट्रकवाला आपण पाहिला नाही म्हणाली. “माझ्या मामाचेही ट्रक आहेत शिरगावला. तुमचा कुठल्या शेठचा?” गुरुदासने कुठल्या तरी धाकू शेठचं नाव फेकलं. असा शेठ पृथ्वीच्या पाठीवर नव्हता. पील झालं, सूचना झाल्या, पाच दिवस दाढी नाही हे डॉक्टरिणीने परत बजावलं.

“उद्यां काय?” सुलोचनाने परतताना विचारलं.

“उद्यां कोरगावात कालो.”

“दाढी?”

“हळू हातान करतलंय.”

“तुमका ती काय सांगता ता कानात जाता, का नुसता मान हलवचा म्हणान हलवतास?”

“अगो, ती सांगता ता तोंडाक नखरो करूक काय लावू नुको म्हणान. रंग म्हणजे नखरो न्हय. देवाची सेवा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सरळ वस्तरा उचलला आणि तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसून ठेवला. गुरुदासने घर उलथंपालथं केलं. मग रंगाची पेटी घेऊन निघून गेला आणि कोरगावला हार्मोनियमवाल्याचा वस्तरा मागून घेतला. एकदा सरळ, एकदा उलटा. वर सफेदा, वर पिवडी, वर हिंगूळ. देवाची सेवा यथासांग पार पडली.

सकाळी तो आला तो तोंडाला टॉवेल गुंडाळून. दोन्ही गाल लालबुंद, जागोजागी साल गेलेलं, जबड्याच्या कडेने तपकिरी डाग पडू लागलेले. सुलोचनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण त्याच्या डोळ्यांत बघून तिने ती तिथेच गिळली. त्याला रडूही येत नव्हतं, तोंड हलवलं की दुखत होतं. लाटंबार्शाचा कालो दहा दिवसांवर होता.

डिचोलीला तिसऱ्या खेपेला गेले तेव्हा डॉक्टरीण आधी रागावली. उन्हात फिरलात, काच उघडी ठेवलीत, रुमाल बांधला नाही. गुरुदास प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. मग ती आपले कागद उलटसुलट करून बघू लागली, आणि बोलली ती वेगळ्याच आवाजात.

“कदाचित माझीच चूक असेल. मी मिनिटभर जास्त ठेवलं असेल. ह्यापुढे मी तुम्हाला हे करणार नाही. आणि दुसऱ्यांनाही करायच्या आधी विचार करीन.”

ती मुलगी खरोखर पडलेल्या चेहऱ्याने बसली होती. सुलोचनाने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. आता बोलेल, मग बोलेल म्हणून तिने वाट पाहिली. नाही बोलला. तेव्हा मात्र तिची शपथ सुटली.

“बाय, तुमचा कायएक चुकाक नाय. ह्यो ट्रक चालवना नाय. ह्यो राणी हेमावती.”

सुलोचनाने सगळं सांगितलं. वस्तरा, सफेदा, तेल, हिंगूळ, कोरगाव. बोलता बोलता तिला स्वतःलाच एक गोष्ट लख्ख दिसली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

“पयल्या फावटी सुतक होता, बाय. धा दिवस दाढी नाय, रंग नाय. म्हणान तोंड बरा झाला.”

“म्हणजे मी महिनाभर धूळ धूळ करत बसले,” डॉक्टरीण हळूच म्हणाली, “आणि तुम्ही रोज रात्री तोंडाला तेल थापत होता.” तिने पेन खाली ठेवलं. “माझ्या आजोळी दरवर्षी कालो असतो. लहानपणी मी तो बघायला हट्ट करायचे. मला सांगितलं असतंत तर मी काय हसणार होते?”



मग तिने सरळ सांगितलं. पंधरा दिवस वस्तरा नाही, रंग नाही, फक्त हे मलम. पील पावसाळ्यात बघू, मंडळ घरी असेल तेव्हा. आणि पुढल्या मोसमाला खोबरेल बंद, त्याऐवजी काय वापरायचं ते मी शोधून देते. पंधरा दिवस म्हणजे लाटंबार्से गेलं, एवढा हिशेब तिघांनाही कळत होता.

घरी आल्यावर गुरुदास दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला तो जेवणाच्या ताटावरून.

“गप रवली असतीस तर तिणा कायतरी मलम दिल्यान असता. मी उबो रवलो असतंय. तू घालवलंस माजी हेमावती.”

सुलोचनाच्या हातातला डाव हातातच राहिला. कुणी घालवली? उन्हातान्हात दोन दोन बस बदलत कोण फिरलं होतं? भांडी तशीच टाकून, पदर खोचून ती तडक बस पकडून मधुकरदादांच्या घरी पोचली. रागाच्या भरात आपण नक्की काय सांगायला आलो आहोत हे तिला दारात उभं राहीपर्यंत ठाऊक नव्हतं. मधुकरदादा पडवीत बसून केसांची खोटी दाढी डिंकाने सांधत होते.

“दादा, रानातलो राजा कोण करता?”

“मीच. आनी कोण? मुकूट काढतंय, ही चिकटवतंय, भायर येतंय. दरखेपेक अर्धी सुटता.”

“तुमका दाढी व्हयी आनी आमच्या घरात ती वाढता,” ती म्हणाली. “मुकुटाचो राजा तुमी करा. रानातलो तेका करूक सांगा. तेका रंग नुको, वस्तरो नुको. तोंड तर असा झाला हा की बारा वर्षां रानातच होतो म्हणतले.”

मधुकरदादांनी दाढी मांडीवर ठेवली. “बाईचो आवाज लागलेलो माणूस. राजा करतलो?”

“चौदा वर्षां तुमच्याफुडे उबो रवान ऐकल्यान ना तेणा सगळा? पाठ आसतला.”

गुरुदासला हे कळलं तेव्हा त्याने आकांत केला. आपल्याला भिकारी करायला निघाली ही बायल, तेही स्वतःच्या माहेरात, आणि समोर किरण राणी. पण मालकाचा शब्द होता आणि त्या दिवशी घरी बसून राहणं त्याहून वाईट होतं. लाटंबार्शाला तो दहा दिवसांची दाढी घेऊन आला. सुलोचनाच्या वहिनीने, रुक्मिणीने, दारात त्याला आधी ओळखलं नाही. संध्याकाळी देवळामागे किरणला हिरवी नऊवारी नेसवता येईना, तेव्हा गुरुदासच उठला, ती सोडली आणि निऱ्या घालून नीट नेसवून दिली. साडी त्याचीच होती.

त्या रात्री देवळात काय झालं ते सगळ्या गावाने पाहिलं आणि सकाळी विहिरीवर दुसरा विषय नव्हता. रानातला राजा उघड्या तोंडाने येऊन राणीच्या दारात उभा राहिला. त्याने भीक मागितली. किरणने ओंजळभर तांदूळ घातले आणि तोंड फिरवलं, आख्यानात आहे तसंच. राजाने बोलायला तोंड उघडलं आणि त्याला बोलता येईना. तो नुसता रडू लागला. हार्मोनियमवाला थांबला. पुढे बसलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. सुलोचना त्यांच्यातच बसली होती आणि तिला पुढचं काही दिसलं नाही.

उन्हं वर आल्यावर गुरुदास न्हाऊन माहेरच्या पडवीत येऊन बसला. आत कुणीतरी पाववाल्या पोदेराला हाक मारत होतं. सुलोचना मलमाची ट्यूब घेऊन त्याच्यासमोर बसली. गाल रात्रीपेक्षा लाल दिसत होते.

“खूप भगभगता,” तो म्हणाला. “खारा पाणी थय गेला ना.”

“कधी असा रडाक नाय तुमी.”

“रडूक जमना नाय हेमावतीक. पाणी इला तर सफेदो ओघळता. गळो रडवूचो आनी डोळे सुके ठेवूचे, चौदा वर्षां असाच केलंय.” तो थोडा थांबला. “काल तोंडार कायच नाय होता.”

सुलोचनाने बोटावर मलम घेतलं. तिला त्या क्षणी तो फार आवडला, आणि इतक्या दिवसांचा राग कुठे गेला ते कळेना.

“मालक म्हणता, रानातलो राजा आतां तूच करीत जा. दर काल्याक,” तो म्हणाला.

वस्तरा गेला, तेल गेलं, डिचोली गेली. सुलोचनाच्या मनावरचं ओझं उतरलं. “होय म्हणालात ना?”

“नाय म्हणालंय.”

ट्यूब दाबली गेली आणि मलमाची वळी तिच्या मांडीवर पडली. “कित्याक?”

“सगळी माज्या तोंडाकडे बघीत होती गो,” गुरुदास म्हणाला. “हेमावतीच्या नाय, माज्या. थय लपाक जागोच नाय.”

ह्या माणसाला काय सांगावं आणि किती वेळा सांगावं? शेवटी ती बोलली ती अगदी सावकाश, आवाज न चढवता.

“मी पंदरा वर्षां ह्याच तोंडान तुमच्याफुडे उबी आसंय. रंग नाय, तेल नाय, कायच नाय. माका खय लपाक जागो आसा?”

गुरुदासने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग त्याचे डोळे भरून आले.

“आतां रडा नुको,” सुलोचना म्हणाली आणि त्याची हनुवटी धरून गालाला मलम लावू लागली. “सगळा धुवान जाता.”